आजोबांच्या वाटणीचं सांबर

परवा व्हिडिओ कॉलवर धाकट्याने मला विचारलं, "आज्जी, डिड यू ॲक्च्युअली शूट अ डिअर?" थोरलीने त्याला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "यू कान्ट जस्ट आस्क दॅट!" मी उत्तर देणार तेवढ्यात तुमच्या आईची हॉस्पिटलच्या ड्यूटीला निघायची वेळ झाली. फोन तिचा, तो तिच्याबरोबर गेला आणि उत्तर राहून गेलं. राहिलेलं काम मला चैन पडू देत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. थोरलीने आधी स्वतः वाचायचा प्रयत्न करावा. अडेल तिथे आईला विचारावं, गूगलला नाही.

तर उत्तर असं, की हो, मारलं. जूनमध्ये, एक मादी. तिचं मटण अजून फ्रीझरमध्ये आहे आणि तुम्ही आलात की तुम्हालाही मिळेल. पण धाकट्याला विचारायचं होतं ते बहुतेक त्या मोठ्या नराबद्दल, ज्याचा अंधूक फोटो आजोबांनी गेल्या वर्षी तुम्हाला पाठवला होता आणि ज्याची शिंगं या पठ्ठ्याने वहीत काढली होती. त्याला मी मारलं नाही. मारता आलं असतं. ती हकिगत सांबराची कमी आणि आजोबांची जास्त आहे.

आजोबा फेब्रुवारीत कोल्हापूरला गेले ते थोडक्या दिवसांसाठी. त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे तुमच्या मोठ्या आजोबांची, बायको वारली होती. दिवसपाणी उरकायचं, भावाला जरा सोबत करायची आणि मार्चअखेर परत यायचं, असं ठरलं होतं. मग कोरोनाची साथ आली आणि विमानं बंद झाली. त्याच सुमाराला पश्चिम ऑस्ट्रेलियाने आपली सीमा बंद केली आणि एप्रिलच्या सुट्टीत तुम्ही इकडे यायचं होतं तेही बारगळलं. तुमच्यासाठी पलंगांवर घातलेल्या चादरी मी मे महिन्यात तशाच काढून धुतल्या. कुणी झोपलेलंच नव्हतं, तरी धुतल्या. एक माणूस कोल्हापुरात, तुम्ही तिघं तिकडे पश्चिमेला कालगुर्लीत आणि मी इथे मेलबर्नच्या पूर्वेला गिप्सलँडच्या डोंगराच्या पायथ्याशी, असं आपलं घर यंदा तीन ठिकाणी विभागलं गेलं.

आता शिकारीचं. तुमच्या मित्रांना हे सांगितलं की ते चकित होतात असं थोरली म्हणाली. त्यात चकित होण्यासारखं काही नाही. आजोबा लहान असताना त्यांच्या वडिलांबरोबर पन्हाळ्यापलीकडच्या रानात शिकारीला जात. पुढे कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. मग खाणींमधली नोकरी, कालगुर्लीची लाल माती, आणि तिथून बदली होऊन इथल्या कोळशाच्या खाणीवर. इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी धुक्यातून गाडी चालवत येत होतो. आजोबांनी इतका करकचून ब्रेक मारला की माझा चष्मा पुढे उडाला. रस्त्याच्या मधोमध एक भलंमोठं काळपट जनावर उभं होतं. कान सुपाएवढे, मानेवर आयाळ.

"अगं, सांबर!" आजोबा ओरडले. "अगं, हे आपलं सांबर आहे!"

"आपलं कुठलं? इथे सांबर कुठून येणार?"

"माझं डोकं फिरलंय का? मी याला ओळखत नाही?"

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत, जिथे मी काम करायचे तिथे, शोधून काढलं. गोऱ्या लोकांनी जुन्या काळी आपल्याकडून जहाजात घालून ती इकडे आणली होती. आता ती इतकी झाली आहेत की रानाचा पाला, गवळ्यांची कुरणं, कुंपणं, कशाचीच धडगत नाही, आणि सरकार लायसन्स देऊन ती मारू देतं. त्या दिवसापासून आजोबांना दुसरं काही सुचेना. शिकारीला एकट्याने जाऊ नये, आणि इथे त्यांना सोबती नव्हता. म्हणून मी परीक्षा दिली, लायसन्स काढलं. लेखी परीक्षेत मला त्यांच्यापेक्षा जास्त मार्क मिळाले. हे ते तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.

इथे सांबराची शिकार वर्षभर चालते, पण खरे दिवस थंडीचे. आमच्या घरात मात्र त्याला एक खोडा होता. श्रावणात आम्ही मटण खात नाही, आणि जे खायचं नाही ते मारायचं नाही, असा आजोबांचा नियम. श्रावण इथे ऐन हिवाळ्यात येतो, नर चिखलात लोळायला उतरतात त्या दिवसांत. ज्याच्या जमिनीवर आम्ही जातो तो शेजारचा म्हातारा गवळी आधी हसायचा. मग त्याला सवय झाली. दरवर्षी जुलै आला की कुंपणावरून विचारायचा, "यंदा तुमचा तो उपासाचा महिना कधी?" मी कॅलेंडर बघून सांगायची, आणि तो ती तारीख आपल्या गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवायचा. त्याच्या गायींच्या तारखांशेजारी.

यंदा मार्चच्या शेवटी शिकार, मासेमारी, सगळंच बंद झालं. गवळी म्हणाला, "हरणांना कुणी घरात बसायला सांगितलं नाही वाटतं. माझं अर्धं कुरण खाऊन बसलीत." मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. आजोबा नाहीत तर शिकारही नाही, असा हिशोब जुळत होता. मे महिन्यात बंदी उठली तेव्हा तो हिशोब बिघडला.

"जा तू," आजोबा फोनवर म्हणाले. "रायफल गंजवत ठेवू नकोस."

"एकटी?"

"म्हाताऱ्याला सांगून जा. आणि माझं जाकीट घाल. तुझं ते पातळ आहे."

त्यांचं जाकीट. आता ही गोष्ट ऐका. शिकारीचे कपडे आम्ही कधीच घरात आणत नाही. मागच्या शेडमध्ये दोरीवर टांगतो, गमच्या, म्हणजे इथल्या निलगिरीच्या पाल्यात, कारण सांबराचं नाक म्हणजे विचारू नका. पण आजोबा गेल्यावर जेवणाच्या टेबलाशी त्यांची खुर्ची रिकामी दिसायची. एकदा शेड झाडायला गेले तेव्हा ते जाकीट आत आणलं आणि त्या खुर्चीच्या पाठीवर घातलं. मग ते तिथेच राहिलं. मी जेवायला बसले की समोर निदान खांदे दिसायचे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात ते घालून मी पहाटे वर गेले. गवळ्याच्या कुरणाच्या टोकाला रान सुरू होतं, तिथून एक घळ वर जाते. नेच्यांची उंच झाडं, खाली झरा, मध्ये एक छोटी मोकळी जागा. त्या जागेवर चिखलात नर लोळतात. सकाळी थंड हवा वरून खाली वाहते, म्हणून आपण खाली बसायचं आणि वर बघायचं. ऊन अंगावर आलं की हवा उलटी फिरते, त्याआधी उठायचं. हे मला पाठ आहे. पण त्या दिवशी बसून राहिले. आजोबा असते तर त्यांनी बोटाने खूण केली असती, चल. खूण करणारं कुणी नव्हतं, आणि उठून रिकाम्या घरी जायची मलाही घाई नव्हती.

ऊन आलं. हवा फिरली. वाऱ्याची झुळूक पाठीमागून येऊन माझ्या अंगावरून पुढे गेली आणि मला माझाच वास आला. लसूण, हिंग आणि कढीलिंबाची फोडणी. इतक्या आठवड्यांची सगळी फोडणी त्या जाकिटात मुरली होती. पुढच्याच क्षणी वरच्या झाडीतून जुन्या मोटारीच्या भोंग्यासारखा आवाज आला, "पोंक!" सांबराने इशारा दिला आणि सगळी घळ रिकामी झाली. फांद्या मोडत जाणारा आवाज किती तरी वेळ ऐकू येत होता.

मी संध्याकाळी फोनवर हे सांगितलं तेव्हा आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मागून मोठ्या आजोबांनी विचारलं, काय झालं? त्यांनाही सांगितलं. तेही हसले. बायको गेल्यापासून ते पहिल्यांदा हसले असं आजोबा नंतर म्हणाले.

"त्या सांबराला वाटलं असेल, गावाकडचं माणूस आलंय," आजोबा म्हणाले. "भेटायला यायचं सोडून पळालं. कृतघ्न!"

"चेष्टा पुरे. जाकीट धुऊ का?"

"धू. साबण नको, नुसत्या पाण्याने."

मी धुतलं. धुताना कॉलर नाकाशी धरून बघितली. फोडणी होती, धूर होता, पण आजोबांचा वास त्यात उरला नव्हता. ते मात्र मी फोनवर सांगितलं नाही.

जूनमध्ये मी एक तरुण मादी मारली. त्याचं फार वर्णन करत नाही. गोळी नीट लागली, ती दोन पावलांत बसली, आणि मी तिच्याजवळ गेले तेव्हा तिच्या नाकपुडीवर दव होतं. एरवी जनावर सोलणं, वाटे करणं हे काम आम्ही दोघं मिळून करायचो. आजोबा पाय धरायचे, मी सुरी चालवायची. एकटीला दुपार झाली. गवळी शेतातली चारचाकी क्वाड बाईक घेऊन आला, आम्ही बाईकच्या दोन बाजूंना अंतर ठेवून उभे राहिलो आणि वाटे चढवले.

"तुझ्या म्हाताऱ्याशिवाय पण जमतं की तुला," तो म्हणाला.

"जमतं," मी म्हटलं.

"मग इतकं तोंड का पाडलंयस, लव्ह?"

मी त्याला रश्श्याचा डबा नेऊन दिला. कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि मागे सरले, मग त्याने उचलला. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तेव्हा त्यात त्याने अंडी घातली होती. तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं, पण तळाला चमचा घासला, असं म्हणाला.

आता तो मोठा नर. तीन हिवाळे आजोबा त्याच्या मागावर होते. त्या मोकळ्या जागेच्या कडेला एका झाडाची साल त्याने शिंगांनी पार खरवडून काढली आहे, माझ्या डोक्याच्याही वर. आजोबांनी त्याला दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा श्रावणात. पहिल्या वेळी ते रायफल घरी ठेवून नुसते फिरायला गेले होते. परत आले तेव्हा चेहरा असा, की मला वाटलं काही दुखतंय. दुसऱ्या वेळी फोटो काढला, तोच तुम्हाला पाठवला. मी म्हटलं, एक वर्ष मोडा श्रावण, देवाला कळेल. म्हणाले, "देवाला कळेल गं. मला कसं कळणार?" जाताना विमानतळावर म्हणाले होते, "त्याला कुणाला देऊ नकोस. माझ्या वाटणीचा आहे तो."

जुलैच्या सुरुवातीला गवळी कुंपणाशी आला. तो नर आता खाली उतरायला लागला होता. नवीन लावलेली झाडं त्याने मोडली होती, दोन ठिकाणी तार तोडली होती. गावातली पोरं परवानगी मागत होती.

"मी त्यांना थांबवून ठेवलंय," तो म्हणाला. "तुमचा महिना लागेपर्यंत. त्यानंतर त्यांना हो म्हणणार. राग मानू नकोस."

रागावण्यासारखं काहीच नव्हतं. जमीन त्याची, तार त्याची. त्या संध्याकाळी मी आजोबांना सगळं सांगितलं आणि विचारलं, परतीच्या विमानाचं काय? वकिलातीकडे नाव नोंदवलेलं असायचं, दर काही आठवड्यांनी नवीन विमानाची बातमी यायची, नंबर लागायचा नाही, पुन्हा नाव घालायचं. एप्रिलपासून हेच चाललं होतं.

आजोबांनी आधी खोलीचं दार लोटलं, तो आवाज मला आला. मग म्हणाले, "या वेळी नाव घातलं नाही."

"का?"

"भाऊ एकटा पडेल गं. जेवायला बसला की अर्ध्यात उठतो. आणि खरं सांगू का, मलाही इथे बरं वाटतंय. सकाळी दारात बसलो की लोक थांबतात. मास्क लावून का होईना, थांबतात. तिकडे काय आहे? डोंगर आणि धुकं."

"मी आहे," असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं."

"आणि त्या नराला तूच मार. पोरांच्या हाती कशाला द्यायचा? तुझा नेम चांगला आहे. माझ्यासाठी थांबू नकोस."

मुलांनो, चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात माणूस खूप काही बोलतं. त्यातलं बहुतेक विसरायचं असतं. हे विसरता येईना. तीन हिवाळे राखलेली गोष्ट ज्याने एका वाक्यात देऊन टाकली, तो मनाने परत येण्याचा विचार सोडून बसला होता. त्यांना ते स्वतःला कळलं होतं की नाही, देव जाणे. मला कळलं. मी फोन ठेवला आणि गॅसवर आटत चाललेली आमटी ढवळत उभी राहिले.

श्रावणाच्या आधीचा शेवटचा रविवार होता. पहाटे दव इतकं गोठलं होतं, की गवत बुटांखाली मोडत होतं. घळीच्या तोंडाशी मी नेच्याच्या खोडाला टेकून बसले. वॉटलची झाडं, इथली बाभूळच ती, फुलांनी नुकती पिवळी होऊ लागली होती. लायरबर्ड आपला आणि इतर पाच-सहा पक्ष्यांचा आवाज आळीपाळीने काढत होता. आजोबा असले की त्याला मनातल्या मनात "कॉपी करू नकोस रे" म्हणून दटावायचे. मनातल्या मनात, कारण बोलायची सोय नसते, पण त्यांच्या भुवया मला वाचता येत.

उजाडता उजाडता तो आला. आवाज मुळीच नाही. त्या जागी काहीच नव्हतं आणि मग तो होता. चिखलाने काळा झालेला, मानेची आयाळ भिजलेली, शिंगं झाडाच्या सुकलेल्या फांद्यांसारखी मागे गेलेली. कान आधी माझ्याकडे वळले, मग डोळे. पण हवा अजून खाली वाहत होती, त्याला मी कळले नव्हते. मी रायफल खांद्याला लावली. दुर्बिणीत त्याच्या खांद्यामागची जागा आली, मी सेफ्टीचा खटका काढला. त्याच्या नाकातून निघणारी वाफसुद्धा दिसत होती.

आता इथे थोरलीला वाटेल, आज्जीला दया आली. नाही. मला दया आली नाही. महिन्यापूर्वीच मी एक मादी मारून, चिरून, पिशव्यांत भरून, प्रत्येक पिशवीवर तारीख घालून ठेवली होती. जे खातो त्याच्याबद्दल खोटे अश्रू ढाळायची मला सवय नाही. मला दिसत होतं ते वेगळंच. मी बोट दाबलं की या घळीत, या डोंगरात, या देशात आजोबांचं करायचं राहिलेलं असं काही उरणार नव्हतं. घर मी चालवत होते, बिलं मी भरत होते, तुमच्याशी मी बोलत होते, मादीसुद्धा मी मारली होती. त्यांच्यावाचून न अडणारं असं सगळंच मी एकेक करून उरकलं होतं. माझ्या नीटनेटकेपणाने मी त्यांना यायला जागाच ठेवली नव्हती. हे एक तरी राहू दे, असं मला वाटलं. राहू दे आणि टोचत राहू दे.

मी सेफ्टी परत लावली. तेवढ्या बारीक आवाजानेही त्याने मान वर केली, एकदा पाय आपटला, आणि घाई न करता वर निघून गेला.

माथ्यावर एका ठिकाणी फोनला रेंज येते. तिथवर चढून मी आजोबांना फोन लावला. कोल्हापुरात पहाट झाली नव्हती, पण त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. म्हणजे जागेच होते.

"आला?" त्यांनी विचारलं.

"आला होता. गेला."

"चुकलीस?"

"चालवलीच नाही."

"का? रायफल अडली?"

"रायफलला काय धाड भरलीय? तुमच्या वाटणीचा आहे तो. या आणि मारा. नाहीतर म्हातारा होऊन मरू दे त्याला. मी हात लावणार नाही."

"वेडी आहेस का तू? उद्यापासून पोरं येतील तिथे!"

"येऊ देत."

"अगं, तीन वर्षं..."

"तेच म्हणते मी, अहो," मी म्हटलं. "तीन वर्षं." आणि फोन बंद केला. इतक्या वर्षांत त्यांचं वाक्य अर्धं ठेवून मी पहिल्यांदाच फोन बंद केला असेन.

पुढचे दिवस आम्ही फोनवर हवापाण्याचं बोललो. त्यांची शुगर, माझा गुडघा, कोल्हापुरातले रुग्ण, मेलबर्नमधले रुग्ण. त्या नराचं नाव दोघांनीही काढलं नाही. पोरं दोन शनिवार-रविवार वर जाऊन आली. मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली होती, तरी कान तिकडेच. एकदा गोळीचा आवाज आला आणि हातातलं कणकेचं भांडं मी तसंच ओट्यावर ठेवलं. गवळी दुपारी म्हणाला, ससा. मग ऑगस्ट लागला आणि आमच्या गावालाही पुन्हा घरात बसायचा हुकूम झाला. शिकार बंद. पोरं बंद. गवळी एकदा मास्क नाकाखाली ओढून कुंपणापलीकडून ओरडला, "सरकारी हुकमाने वाचलेलं तुझं ते हरीण अजून जिवंत आहे! काल संध्याकाळी माझी तार तोडून गेलं!"

तो बराच वैतागला होता. मला मात्र हसू आवरेना.

हे मी आजोबांना सांगायचं ठरवलं, निदान तेवढं तरी. फोन लावला तर उचलला मोठ्या आजोबांनी. ते फोनवर फारसे येत नाहीत. आवाज खणखणीत होता.

"तुलाच करणार होतो मी," ते म्हणाले. "याला न्या की आता इथनं."

"का, भाऊजी? काय झालं?"

"काय व्हायचंय? दिवसभर सांबर. आज चिखलात उतरलं असेल, आज थंडी पडली असेल, वारा फिरला असेल. मला सांगून झालं, शेजाऱ्याला सांगून झालं, काल दारातल्या कुत्र्याला सांगत बसला होता. ते कुत्रं पण उठून गेलं, बाई."

मागून आजोबांचा आवाज आला, "दादा, फोन दे."

"देतो. आधी मला बोलू दे," मोठे आजोबा म्हणाले, आणि मग आवाज उतरवून, "माझ्यासाठी राहिला तो. मला कळत नाही होय? पण माझं जे गेलंय ते हा इथं बसल्यानं येत नाही. जेवण देणारी शेजारीण आहे, चौकशी करायला गल्ली आहे. तुझ्या तिथं कोण आहे? डोंगर आणि तो गवळी. मी आज त्याचं नाव परत घालायला लावलंय. माझ्यासमोर बसवून."

फोन आजोबांकडे गेला.

"ऐकलंस सगळं?" ते म्हणाले.

"ऐकलं."

"कुत्र्याचं खोटं आहे."

"असेल."

"नंबर लागेलच असं नाही हं. मेलबर्नला तर विमानं उतरवतच नाहीत. ॲडलेड म्हणतायत, पर्थ म्हणतायत. कधी ते कुणी सांगत नाही."

"लागेल तेव्हा लागेल," मी म्हटलं. "मी कुठे जातेय?"

तर असं आहे. सध्या श्रावण चालू आहे, शिकारही बंद आहे, आणि मी रोज संध्याकाळी पाच वाजता मागच्या दारात चहा घेऊन बसते. वर डोंगर आहे, त्या घळीत कुठेतरी तो आहे. आजोबा येतील तेव्हा तो असेल की नाही, सांगता येत नाही. असला तरी आजोबांना तेवढी चढण झेपेल का, तेही सांगता येत नाही. ते काही मला आता महत्त्वाचं वाटत नाही. यावं, एवढंच वाटतं.

तुमच्याकडे एक काम आहे. विमान पर्थला उतरलं तर त्यांना दोन आठवडे हॉटेलात कोंडून ठेवतील. कालगुर्लीहून पर्थ लांब आहे, तुमच्या आईला सुट्टी मिळणं कठीण आहे, हे मला ठाऊक आहे. तरी तिला माझ्या वतीने विचारा. आत सोडणार नाहीत, पण रस्त्यावर उभं राहता येतं असं ऐकलं. समोरच्या फुटपाथवर दोघांनी उभं राहायचं आणि वर बघून हात हलवायचा. लाल किंवा नारिंगी काहीतरी घाला, म्हणजे त्यांना लांबून दिसेल. त्यांचे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. खोली कितव्या मजल्यावर आहे आणि खिडकी कुठल्या बाजूला, ते मी त्यांना फोनवर विचारून तुम्हाला कळवीन.